कापूस गेला, खाज राहिली

सुनेच्या माहेरी सुनेला न घेता जाऊन राहणारी सासू आमच्या चिपळुणात तरी मीच पहिली असेन. शेजारणीने विचारलंच, "भांडायला चाललात की भांडण मिटवायला?" दोन्ही नाही. आमची मनीषा शाळेत शिकवते, दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, तिला रजा मिळेना. आणि तिकडून तिच्या आईचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा, सारखा फोन, "भरीतनी वांगी संपी जातीन, मंग येशात का?" लग्न आमच्याकडे झालं होतं, त्यामुळे खानदेश मी पाहिलाच नव्हता. म्हटलं, परीक्षा सुनेची आहे, वांगी माझी. मी एकटी जाते.

मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आई, तुझी तब्येत."

तब्येतीचं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मला रक्ताचा कॅन्सर आहे. दचकू नका, आमच्या घरातले सगळे आधीच दचकून मोकळे झालेत. हा सावकाशीने चालणारा प्रकार आहे. हाडांच्या आतला मगज रक्त तयार करतो, त्या मगजाला 'पुरे' हा शब्दच कळेनासा होतो आणि तांबड्या पेशी नको तितक्या होतात. रक्त दाट होतं. त्याची गुठळी मेंदूत किंवा काळजात अडकली तर संपलंच. नाही अडकू दिली तर माणूस गोळ्या घेत, अधूनमधून रक्त काढून घेत, शिवणाचे क्लास चालवत वर्षानुवर्षं जगतो. मी जगतेय, आणि विद्यार्थिनींवर खेकसतेही.

या रोगाची दुसरी बाजू मला बऱ्याच उशिरा कळली. डॉक्टर तिला दाह म्हणतात. बिघडलेल्या पेशी नुसत्या वाढत नाहीत, त्या 'शत्रू आला, शत्रू आला' असे निरोप अंगभर धाडत राहतात. शत्रू कोणीच नसतो, पण शरीर बिचारं लढायला उठतं आणि उठलेलंच राहतं. न संपणारा थकवा, घाम, बारीक ताप, सगळं त्यातलंच. आणि आंघोळीनंतरची खाज, जिच्याबद्दल मी पुढे सांगणार आहे.

दोंडाईचा

सुरतेला गाडी बदलून दोंडाईच्याला उतरले तेव्हा पहिलं स्वागत मिरचीने केलं. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरच्या वाळत घातलेल्या, लग्नात जाजमं अंथरतात तशा. वारा आमच्या दिशेने होता. मी शिंकायला लागले ती थांबेचना.

व्याही घ्यायला आले होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. उंच, पांढरा शर्ट-पायजमा, डोक्यावर टोपी, बोलणं शहरी वळणाचं, पण गडबडले की त्यांची अहिराणी बाहेर येते. ती लगेचच आली. मी शिंकत होते, आणि माझ्या पिशवीतून लालभडक काहीतरी ठिबकत होतं. नानांचा चेहरा पांढरा पडला.

"विहीनबाई, रगत! रिक्षा! ओ रिक्षा!"

माझ्या 'रक्ताच्या दुखण्याबद्दल' मनीषाने त्यांना सांगितलं होतं, एवढंच त्यांना ठाऊक. मी पिशवी उघडून दाखवली. कोकमाच्या आगळाची बाटली फुटली होती. त्यांना खात्री पटेना, म्हणून बोट बुडवून चाखायला लावलं.

"आंबट शे," नाना म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही स्टेशनाबाहेर उभे राहून हसत सुटलो. माझी दोन चांगली पातळं मात्र कायमची गुलाबी झाली.

नानांचं गाव

गाव तिथून जीपने थोडंच. घरात शिरले आणि बैठकीच्या दारातच थबकले, कारण आत बैठक नव्हतीच. कापूस होता. जमिनीपासून थेट पत्र्यापर्यंत, भिंतीला रेलून, खिडकी बुजवून. भाव येईपर्यंत घरात कापूस ठेवायची या भागातली पद्धत. घर माणसांचं कमी आणि कापसाचं जास्त. आमच्याकडे माळ्यावर नारळ असतात, पण नारळ चावत नाहीत. या कापसात बारीक किडे होतात आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. बोलता बोलता खाजवणं हा इथे या दिवसांतला शिष्टाचारच आहे. नाना राजकारणावर बोलताना उजव्या हाताने मुद्दा मांडत आणि डाव्याने मान खाजवत. दुसऱ्या दिवशी माझ्याही दंडावर लाल पुटकुळ्या उठल्या आणि मी घरातली झाले.

विहीणबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, तेव्हा मीही अक्काच म्हणते. ठेंगणी, चपळ बाई. चेहरा लालबुंद, तळहातसुद्धा लाल. नानांना त्या गालांचा मोठा अभिमान. "या वयात बघा, टमाट्यासारखे," म्हणाले. अक्का लाजल्या. मी हसले खरी, पण तो लाल रंग मला कुठेतरी खटकला.

ताट आलं तर त्यात बिटाची कोशिंबीर, डाळिंबाचे दाणे, खजूर आणि गूळ-शेंगदाणे.

"तुमले रक्तनं दुखनं शे ना?" अक्का म्हणाल्या. "खा. रक्त वाढी."

"अक्का, रक्त वाढू नये म्हणून मी गोळ्या खाते!"

त्यांना ती थट्टाच वाटली. रक्त जास्त होणं हा रोग असतो हे कोणाच्या डोक्यात तरी येईल का? माझ्याही आलं नव्हतं. वर त्या म्हणाल्या, "मी बी रोज लेस," आणि फडताळातून लोहाच्या औषधाची बाटली काढून दाखवली. थकवा फार यायचा, म्हणून कोणा शेजारणीच्या सांगण्यावरून चालू केलं होतं. जोडीला बिटाचा रस. अर्धी बाटली संपली होती.

तिसऱ्या दिवशी शेतात भरीत. ज्या वांग्यांसाठी मी आले ती हिरवी, लांबट, पांढऱ्या रेघांची. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या आगीत भाजायची. काड्या भडाभडा पेटतात आणि बघता बघता विझतात, म्हणून एक जण सारखा नव्या काड्या टाकत असतो. साल काढून लाकडी भांड्यात वांगी ठेचतात, वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे, सगळं तेलात परतलेलं. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. आम्ही कोकणी माणसं खोबऱ्याशिवाय जगात चव नाही असं समजून जन्म काढतो. त्या दुपारी मी नारळाला मनातल्या मनात रजा दिली.

वाढणारी बाई शेवटी जेवते, ते कोकणातही तसंच. त्यामुळे ती किती जेवते हे कोणी पाहत नाही. मला ते आवडत नाही. सगळ्यांचं होत आलं तशी मी अक्कांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांच्या पानात भाकरी वाढली. दोन घास खाल्ले आणि त्यांनी डाव्या बरगडीखाली हात दाबला.

"पोट भरी गयं."

"दोन घासांत?"

"आते असंच व्हस."

माझं भरीत तोंडातच राहिलं. डाव्या बरगडीखाली प्लीहा असते. रक्ताच्या या दुखण्यात ती फुगते आणि जठराला जागा देत नाही. हे मला पुस्तकातून नाही, माझ्याच पोटातून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी गोळी घ्यायला उठले. बैठकीत उजेड दिसला. अक्का नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या, केसांतून पाणी गळत होतं, आणि कापसाच्या ढिगाला पाठ लावून, स्वतःलाच दोन्ही हातांनी आवळून उभ्या होत्या. डोळे मिटलेले. दात आवळलेले. खाजवत नव्हत्या. ज्याला ही खाज माहीत आहे तो खाजवत नाही, कारण खाजवून काही होत नाही. सुया टोचल्यासारखं होतं, आतून, अंगभर.

मी जवळ गेले. "अक्का, काय होतंय?"

"काही नही. कापूसनी खाज शे. बठ्ठासले सुटस."

सगळ्यांनाच सुटते म्हणे! मी त्यांची बाही वर केली. माझ्या दंडावर पुटकुळ्या होत्या, त्यांचा दंड स्वच्छ होता.

"ही खाज कधी सुटते?"

त्यांनी बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाल्या, "आंघोय करी का आंगले आग लागस. अर्धा घंटा. मंग जास."

"मग रोज पहाटे कशाला करता?"

त्यांनी माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं पाहिलं. "बिन आंघोयनं चुल्हाले हात कसा लावू?"

या घराची ही रीत. आंघोळ केल्याशिवाय बाई चुलीपाशी जात नाही, आणि चूल तर वेळेवर पेटलीच पाहिजे. म्हणून ही बाई कोणी उठायच्या आत आंघोळ करायची, कापसाच्या आडोशाला उभी राहून आग सोसायची आणि मग हसतमुखाने चहा टाकायची. असं किती महिने चाललं होतं कोणास ठाऊक. घरातले सगळेच खाजवत होते, तिथे हिची खाज वेगळी आहे हे कळणार कोणाला? मला एकदम रडू आलं. मी त्यांना खाली बसवलं, शेजारी बसले आणि सांगितलं, की मलाही हेच व्हायचं. मी तर आंघोळीला घाबरून चार-चार दिवस नुसती ओल्या फडक्याने अंग पुसायची, आणि माझ्या नवऱ्याला वाटायचं बाई आळशी झाली.

"तुमले कसं मालूम, मना आंगनं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बांध फुटल्यासारखं बोलत सुटल्या. मध्यंतरी भाकरी थापताना एका डोळ्यापुढे अंधारी आली होती, थोड्या वेळाने गेली. बोटं बधिर होतात. एकदा हातातून तांब्या पडला.

दाट रक्त असाच इशारा देतं, आणि पुढच्या खेपेला देईलच असं नाही.

"मनीषाना बापले सांगू नका," अक्का म्हणाल्या. "कापूस इकी टाकतीन. भाव नही शे आते."

भाव नसताना कापूस विकला जाईल, ही त्यांची काळजी. पण मी काही वचन दिलं नाही. मुलाकडची विहीण म्हणून मला इथे मान आहे, आणि त्या मानाचा एक तोटाही आहे. मी कोशिंबिरीत मीठ कमी म्हटलं तरी घरभर कुजबुज होईल, मग 'तुमच्या बायकोला रक्ताचा रोग दिसतोय' हे कसं सांगायचं? पण अक्कांना अर्धांगाचा झटका आल्यावर विहिणीचा मान घेऊन मी काय करणार होते? चहाच्या वेळी नानांना सगळं सांगितलं. खाज, अंधारी, प्लीहा, माझ्या रोगाचं खरं नाव, काही ठेवलं नाही.

नानांचा चेहरा कठीण झाला. "विहीनबाई, तुम्हाला आहे म्हणून सगळ्यांना असतं का? या घरात कोणाला खाज नाही? मलाही आहे. मग मलाही कॅन्सर का?"

"तुमच्या अंगावर पुटकुळ्या आहेत. त्यांच्या नाहीत."

"कापूसच आहे. इतका त्रास होता तर बोलायचं ना!" हे शेवटचं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून होतं. मग त्यांनी फोन काढला, आणि दुपारी टेम्पो दारात उभा राहिला.

मी थांबवायला गेले. आधी धुळ्याला रक्त तपासू, मग कापसाचं बघा, असं परोपरीने सांगितलं. ऐकतील तर ते नाना कसले. राग माझ्यावर नव्हता, स्वतःवर होता. बायको आपल्या घरात, आपल्या कापसापायी जळत होती आणि आपल्याला पत्ता नाही, ही गोष्ट त्या माणसाला सहन होत नव्हती. पडेल त्या भावात त्यांनी हंगामाचा सगळा कापूस विकला. अक्का दारात उभ्या राहून पाहत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगी दिनं तुमी!" दिवसभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बैठक मोकळी. फरशी कडुनिंबाच्या पाण्याने धुतलेली, खिडकी उघडी, कैक दिवसांनी आत ऊन आलेलं. नाना खाटेवर बसले होते, पैज जिंकायला बसल्यासारखे. अक्का त्या दिवशी उजाडल्यावर आंघोळीला गेल्या. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी ओट्यावर बसून तांदूळ निवडायचं सोंग करत होते. खरं सांगते, मी चुकले असावे अशी मी देवाची प्रार्थना करत होते. कापूस असू दे. माझं तोंड काळं होऊ दे. पण कापूसच असू दे.

अक्का बाहेर आल्या. हसल्या. टॉवेल दोरीवर टाकला. आणि मग ती दोरीच दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

नाना उठले. जवळ जाऊन त्यांनी बायकोचा हात उलटासुलटा करून पाहिला. पुटकुळी नाही, घरात बोंड नाही. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता. नाना तसेच हात धरून उभे राहिले, आग जाईपर्यंत. मग मला म्हणाले, "कुठे जायचं ते सांगा."

देवपूर

धुळ्यात पांझरा नदी ओलांडली की देवपूर. मनीषा इथल्याच कॉलेजात शिकली, त्यामुळे नानांना गल्लीबोळ पाठ. एरवी त्यांनी मला तिचं कॉलेज, तिची खोली, सगळं हौसेने दाखवलं असतं. त्या दिवशी पुलावरून जाताना नुसतं बोट केलं.

तिथल्या एका दवाखान्यात रक्त दिलं, अहवाल आला. हिमोग्लोबिन माझ्या सगळ्यात वाईट दिवसांतल्या आकड्यापेक्षाही वर होतं. नानांनी तो आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तर पैलवानाचं रक्त आहे! कमी कुठे आहे?" बाकावरच्या एका अनोळखी आजोबांनीही अभिनंदन केलं. मला त्या दोघांच्या आनंदावर पाणी ओतावं लागलं.

आतल्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. लोहाची बाटली आजपासून बंद म्हणाले, ती म्हणजे आगीत तेल. रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली, उद्याच जळगावला रक्तरोगाच्या डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं, आणि त्याआधी एक पिशवी रक्त काढायचं ठरवलं.

"रक्ताच्या रोगात रक्त काढतात?" नाना माझ्याकडे वळले. "विहीनबाई, हे बरोबर आहे का?"

"माझं इतक्यांदा काढलंय की पिशव्या मोजायचं सोडून दिलंय. आणि बघा, तुमचं भरीत मी तीनदा मागून घेतलं."

अक्का पलंगावर पडून पिशवी भरताना पाहत होत्या. दाट, काळपट लाल रक्त, नळीतून सावकाश येणारं. संध्याकाळी एका नातेवाइकाकडे मुक्काम होता. तिथे शेवभाजी होती, अशी झणझणीत की कानातून वाफ निघावी. अक्का जेवताना एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "डोकं हलकं व्हयनं." मग माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली. बोलणं सुरू झालं होतं.

जळगाव

धुळ्याहून जळगावची वाट पारोळा, एरंडोल करत जाते. एरंडोल आलं तसे नाना चुळबुळायला लागले. तिथून जवळ पद्मालयाचा गणपती आहे, उतरून पाया पडून पुढची गाडी पकडू म्हणाले. मी म्हटलं, "गणपती कुठे जात नाही. डॉक्टर जातील." त्यांनी बसमधूनच, त्या दिशेला, टोपी काढून हात जोडले. अक्कांनीही जोडले. मग मीही जोडले, भांडण डॉक्टरांच्या वेळेशी होतं, देवाशी नव्हतं.

जळगावच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी अक्कांच्या बरगडीखाली हात फिरवला, अहवाल पाहिला, प्रश्न विचारले. आंघोळीचं ऐकून मान डोलावली. या रोगात पेशींतला एक जीन बदलतो, तो शोधायला रक्त मोठ्या शहरात पाठवावं लागेल, पण आपल्याला फारशी शंका वाटत नाही, असं सांगितलं. आणि मग तो शब्द उच्चारला.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कॅन्सर?" ते म्हणाले. "पन ती तं रोज काम करस." गडबडले की अहिराणी.

डॉक्टरांनी समजावलं. पेशी वाढतात ते एक, त्या दाह पेटवतात ते दुसरं. जखम झाली की अंगात दाह होतो, काम झालं की विझतो. हा विझत नाही. तो रक्तवाहिन्यांना आतून चिकट करतो, म्हणून गुठळीची भीती वाढते. तो हाडांतल्या मगजाला वर्षानुवर्षं भाजत राहिला तर मगजात वण पडतात. आणि चांगल्या पेशी त्या धगीत थकतात, पण बिघडलेल्यांना तीच मानवते. आधी आग की आधी बिघाड, यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही अजून एकमत नाही म्हणाल्या, पण दोघं एकमेकांना पोसतात एवढं नक्की.

नाना मांडीवरची टोपी चाचपत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे कापसाच्या गंजीला अशी आग लागते. पोटात. वरून पांढरीशुभ्र दिसते, धूरही नसतो. चार-चार दिवस आतून जळते. वरून पाणी मारून काही होत नाही."

"मग काय करतात?"

"गंजी फोडतात. आतल्या आगीपर्यंत जातात."

डॉक्टर हसल्या. रक्त काढणं हे वरून पाणी मारणं आहे, म्हणाल्या, तेही लागतंच. पण आतल्या आगीवरही गोळ्या आहेत. मी मध्येच तोंड घातलं. माझे रक्ताचे आकडे कित्येक महिने अगदी सरळ होते, तरी खाज तशीच होती. मग गोळी बदलली, आकडे होते तिथेच राहिले आणि खाज आठवड्यात गेली. तेव्हा मला पटलं की ही आग वेगळी धरावी लागते. डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यांनाच असं लगेच होत नाही, धीर धरावा लागेल.

"पुरं बरं व्हई का?" अक्कांनी विचारलं.

"पूर्ण जाणार नाही," डॉक्टर सरळ म्हणाल्या. "पण ताब्यात ठेवता येईल. खूप वर्षं."

मला वाटलं आता अक्का कोसळतील. त्यांनी नानांच्या मांडीवरची टोपी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. माझ्याकडे बोट केलं. "यासले बी तेच शे ना? दखा, कशा भांडतस!"

त्या संध्याकाळी मला गाडीत बसवून द्यायला दोघं स्टेशनवर आले. नानांनी केळ्यांचा अख्खा घड आणला होता, आणि तो चिपळूणपर्यंत न्यायचा कसा यावर आमचं पुन्हा भांडण झालं. गाडी हलताना अक्का खिडकीशी धावत आल्या आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "बरं व्हयनं, सांगी दिनं तुमी."

चिपळूण

घरी आल्यावर थोड्या दिवसांनी मोठ्या शहरातून अहवाल आला. जीन सापडला, नाव तेच, जे माझ्या कागदावर आहे. मनीषा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिला थोपटलं आणि म्हटलं, आता तुला दोन आया आणि दोघींचा रोग एक, पथ्य सांगताना तुझं काम निम्मं झालं.

पहिल्या गोळ्यांनी अक्कांचं रक्त उतरलं, अंधारी पुन्हा आली नाही, पण खाज जाईना. पहाटेची आंघोळ नानांनी बंद करवली होती. चहा ते स्वतः टाकत, बिनआंघोळीचे. गावात बोललं गेलं, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग डॉक्टरांनी गोळी बदलली. कापसाचा भाव पुढे चांगला चढला म्हणे. मनीषाने फोनवर तो विषय काढला तर नानांनी तिला हवापाणी विचारलं.

आखाजी आली. खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावर पुरणाचे मोठाले मांडे होतात. मनीषा गेली होती. सकाळी तिच्या फोनवरून फोन आला, पण बोलत अक्का होत्या, आणि आवाज घुमत होता.

"विहीनबाई, मी आंघोय करी ऱ्हायनू. दुसरांदा. सकायले एक व्हयनी."

"दुसऱ्यांदा? का?"

"आते आइका."

फोन अक्कांनी कुठेतरी उंचावर ठेवला असावा. बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, मग अंगावरून पाणी पडल्याचा. पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. मध्येच ती हसत होती, एकटीच, लहान मुलीसारखी. बाहेरून नानांचा आवाज आला, "बठ्ठं पानी आजच संपाडशी का वं?"

माझा चहा गार झाला. मी फोन कानाला लावून बसले होते, आणि तिकडे ती तांब्यामागून तांब्या ओतत होती.